बघ्या की साक्षीदार?

पाहणाऱ्या माणसासाठी मराठीत दोन शब्द आहेत. एक बघ्या आणि दुसरा साक्षीदार. रस्त्यात कोणी जखमी होऊन पडला आणि भोवतालचे लोक नुसते उभे राहिले, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते की जमावाने बघ्याची भूमिका घेतली. त्याच जमावातील एखादा पुढे होऊन घडले ते खरे सांगतो, तेव्हा त्याला साक्षीदार म्हटले जाते. दोघांनी एकच गोष्ट पाहिलेली असते. तरीही एकाचे पाहणे वाया जाते आणि दुसऱ्याच्या पाहण्यावर न्याय उभा राहतो. मग पाहणे ही केवळ डोळ्यांची क्रिया आहे, की तेही एक कर्म आहे आणि त्याचा हिशेब द्यावा लागणार आहे? पवित्र कुरआनने स्पष्ट बजावले आहे की कान, डोळे आणि हृदय या प्रत्येकाविषयी विचारणा होईल (सूरह बनी इस्राईल : ३६). या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक साधा, निरुपद्रवी वाटणारा प्रसंग घेऊ. आपल्या दारावरून धावण्याची शर्यत जाते आणि आपण ती पाहत उभे राहतो.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, धावणे नवीन नाही. नगर शहर हे लष्कराचे ठाणे आहे. रणगाडा दलाचे आणि यांत्रिक पायदळाचे प्रशिक्षण येथे चालते. पाथर्डी, कर्जत, जामखेड, पारनेर या कमी पावसाच्या तालुक्यांतील कितीतरी तरुण सैन्यात किंवा पोलिसांत भरती होण्याच्या आशेने पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने धावत असतात. फज्रच्या नमाजसाठी मशिदीकडे जाणाऱ्यांना ते रोज भेटतात. अलीकडे यात शर्यतींची भर पडली आहे. हिवाळ्यातील एखाद्या रविवारी रस्त्याला दोर लागतो, पाच, दहा किंवा एकवीस किलोमीटरच्या शर्यतीचे धावपटू छातीवर क्रमांक लावून निघतात आणि रस्त्यालगतची घरे आपोआप प्रेक्षागृहे बनतात. कोणी गच्चीवर असतो, कोणी ओट्यावर, कोणी दाराच्या पडद्याआडून पाहतो. तिकीट नसते, निमंत्रणही नसते. शर्यत आपण होऊन आपल्या दारी येते.

यावर काही धर्मशील मंडळी विचारतात, की हे सारे लहव, म्हणजे मन गुंतवून ठेवणारा पोकळ खेळ तर नव्हे? श्रद्धावंताने तिकडे पाहावे तरी कशाला? या शंकेचे उत्तर प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या जीवनातच आहे. एका ईदच्या दिवशी काही हबशी लोक मदीनेच्या मशिदीत भाल्यांचा खेळ करीत होते. हजरत आयशा (रजि.) यांना तो पाहायचा होता. प्रेषितांनी (स.) आपल्या चादरीचा आडोसा त्यांच्यासाठी धरला आणि त्या स्वतः थकून मागे वळेपर्यंत ते तसेच उभे राहिले. इतकेच नव्हे, तर खेळणाऱ्यांना त्यांनी हाक देऊन उत्तेजनही दिले. हजरत उमर (रजि.) त्यांना हुसकावू लागले, तेव्हा त्यांनाच थांबविले (बुखारी, मुस्लिम). या एका घटनेत किती गोष्टी आहेत पाहा. पाहण्याची इच्छा दोषास्पद मानलेली नाही. पाहणारीची मर्यादा सांभाळली आहे. आणि ज्यांना पाहिले जात आहे, त्या परक्या देशातून आलेल्या माणसांचा मान राखला आहे. आपण ज्या पाहण्याविषयी बोलत आहोत, त्याची तिन्ही अंगे येथे आली.

शर्यतीचेही तसेच. प्रेषितांनी (स.) घोड्यांच्या शर्यती लावल्या होत्या. तयार केलेल्या घोड्यांना हफ्या या ठिकाणापासून सनिय्यतुल विदापर्यंतचे लांब अंतर होते आणि तयार न केलेल्यांना सनिय्यतुल विदापासून बनू जुरैक यांच्या मशिदीपर्यंतचे, सुमारे एक मैलाचे. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) स्वतः या शर्यतीत उतरले होते (बुखारी). दुबळ्याला दुबळ्याच्या ताकदीप्रमाणे अंतर ठरवून देण्याचा न्याय यात आहे, आणि शर्यतीची शेवटची खूण मशीद आहे. पायी धावण्याचे उदाहरणही आहे. एका प्रवासात प्रेषितांनी (स.) सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगितले आणि हजरत आयशा (रजि.) यांच्याशी शर्यत लावली. त्या वेळी त्या जिंकल्या. पुढे काही काळाने पुन्हा शर्यत झाली, तेव्हा प्रेषित (स.) जिंकले आणि ही मागच्या वेळची परतफेड झाली असे म्हणाले (अबू दाऊद). मनाई आहे ती जुगाराला. धावणाऱ्यांनी आपापले पैसे लावून जिंकणाऱ्याने सर्वांचे पैसे उचलणे, किंवा कडेला उभ्या असलेल्यांनी कोण जिंकेल यावर पैजा लावणे, हे सूरह माइदाने (आयत ९०) निषिद्ध केलेल्या कृत्यांत मोडते. ते सोडले, तर निरोगी शरीर, नियमित सराव आणि स्वतःवरचा ताबा ही शर्यतीची फळे इस्लामला मान्य आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्पर्धेने पुढे जाणे यासाठी अरबीत इस्तिबाक हा शब्द आहे आणि कुरआनने तो वेगवेगळ्या प्रसंगी वापरला आहे. सूरह बकरामध्ये (आयत १४८) श्रद्धावंतांना सांगितले आहे की प्रत्येकाची तोंड करण्याची एक दिशा असते, तेव्हा तुम्ही भलाईच्या कामांत एकमेकांच्या पुढे जा. सूरह माइदामध्ये (आयत ४८) हीच आज्ञा आणखी विस्ताराने येते. अल्लाहने इच्छिले असते तर सर्वांना एकच समुदाय केले असते, पण जे ज्याला दिले त्यात त्याची परीक्षा घ्यायची होती, म्हणून सत्कर्मांत स्पर्धा करा. मात्र सूरह यूसुफमध्ये हाच शब्द दोनदा अगदी निराळ्या ठिकाणी भेटतो.

पहिल्या ठिकाणी हजरत यूसुफ (अलै.) यांचे भाऊ त्यांना विहिरीत टाकून रात्री रडत घरी येतात. पित्याला सांगतात की आम्ही शर्यत लावण्यात गुंतलो, यूसुफला सामानापाशी ठेवले आणि लांडग्याने त्याला खाल्ले (आयत १७). सदऱ्याला खोटे रक्त लावलेले होते. दुसऱ्या ठिकाणी यूसुफ (अलै.) आणि अजीजची पत्नी दोघेही दाराकडे धावतात (आयत २५). रस्ता एक, दार एक, धावणेही एकच. पण एक जण पापापासून सुटण्यासाठी धावत आहे आणि दुसरी त्याला पापाकडे खेचण्यासाठी. अंतर केवळ हेतूचे आहे आणि हेतू डोळ्यांना दिसत नाही. तेथे निवाडा कसा झाला? त्या स्त्रीच्याच घराण्यातील एका साक्षीदाराने सांगितले की सदरा पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर यूसुफ खरे. सदरा मागून फाटलेला निघाला.

या दोन सदऱ्यांचा एकत्र विचार केला पाहिजे. पहिल्या प्रसंगी शर्यतीचा केवळ बहाणा होता, आणि खरे काय घडले ते पाहणारे सारे खोटे बोलण्यात सामील होते. म्हणून निरपराध मूल विहिरीत राहिले. दुसऱ्या प्रसंगी धावणे खरे होते, आणि आपल्या रक्ताच्या नात्याविरुद्ध जाईल हे ठाऊक असूनही सत्याची कसोटी सांगणारा एक माणूस हजर होता. म्हणून निरपराध्याची अब्रू वाचली. अरबीत साक्षीदाराला शाहिद म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी हजर असणे हा अर्थ आहे. आपल्या साक्षी या शब्दातही अक्षि, म्हणजे डोळा, आहे. दोन्ही भाषांना हे उमगले आहे की जो डोळ्यांनिशी हजर होता, त्याच्यावर काही देणे चढते. सूरह बकरामध्ये सत्कर्मांत स्पर्धा करण्याची आज्ञा येण्याच्या पाचच आयती आधी (आयत १४३) या समुदायाला लोकांवर साक्षीदार ठरविले आहे. म्हणजे धावणे आणि साक्ष देणे ही दोन कामे दोन निराळ्या जमातींना वाटून दिलेली नाहीत. ज्याला धावायचे आहे, त्यालाच साक्षही द्यायची आहे.

मग दारात उभे राहून शर्यत पाहणाऱ्यावर कोणते देणे चढते? याचे उत्तर एका प्रसिद्ध हदीसमध्ये आहे. प्रेषितांनी (स.) लोकांना रस्त्यांवर बसण्यापासून सावध केले. लोकांनी सांगितले की आम्हाला त्यावाचून गत्यंतर नाही, तेथेच आमच्या बैठकी होतात. तेव्हा त्यांनी फर्मावले की बसणारच असाल तर रस्त्याचा हक्क द्या. तो हक्क कोणता असे विचारल्यावर त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या : नजर खाली ठेवणे, त्रास न देणे, सलामचे उत्तर देणे, भल्याचा आग्रह धरणे आणि वाईटापासून रोखणे (बुखारी, मुस्लिम). यातील एकेक गोष्ट शर्यतीच्या रस्त्याला लावून पाहावी.

नजर खाली ठेवण्याचा हक्क पहिला आहे. शर्यतीत मुली आणि स्त्रियाही धावतात. त्यांच्याकडे पाहून शेरे मारणे, त्यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये घेऊन मित्रांच्या गटात फिरविणे, हे आपल्या काही तरुणांना गंमत वाटते. त्यांनी कसा वेष करावा यावर व्याख्यान देण्यापूर्वी हे आठवावे की सूरह नूरमध्ये (आयत ३०) नजर आवरण्याची आज्ञा आधी पुरुषांना झाली आहे. दुसरा हक्क त्रास न देण्याचा. केळीचे साल, पाण्याचा रिकामा पेला, रस्त्यात आडवी लावलेली दुचाकी, मोकळे सोडलेले कुत्रे, या वस्तू धावणाऱ्याचा पाय मोडू शकतात. वाटेतील पीडादायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, हे आपण लहानपणापासून मकतबमध्ये पाठ केलेले असते. तिसरा हक्क सलामच्या उत्तराचा, म्हणजेच जाणाऱ्याशी माणुसकीने वागण्याचा. थकलेल्याला एक उमेदीचा शब्द देणे यातच येते. चौथा आणि पाचवा हक्क तर सरळ आहेत. शर्यतीमुळे रुग्णवाहिका अडली, कामावर निघालेला मजूर किंवा भाजीची गाडी खोळंबली, तर पाहणाऱ्यांनी पुढे होऊन वाट करून दिली पाहिजे. आणि आयोजकांनाही नम्रपणे सांगितले पाहिजे की रस्ता सर्वांचा आहे. शर्यतीचा आनंद दुसऱ्याच्या रोजीरोटीच्या किंवा जिवाच्या मोलाने घेता येणार नाही.

पाहणारा काय करू शकतो, याची दोन टोके एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर जगाने पाहिली आहेत. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच्या शर्यतीत ब्राझीलचा व्हांडरलेई द लिमा आघाडीवर होता. सुमारे पस्तीस किलोमीटर झाले असताना प्रेक्षकांतील एक माणूस रस्त्यात घुसला आणि त्याने लिमाला ढकलत कडेच्या गर्दीत नेले. हा माणूस पूर्वी धर्मोपदेशक होता आणि आपल्या समजुतीप्रमाणे जगाला काही धार्मिक संदेश देण्यासाठी तो तेथे आला होता. त्याच गर्दीतील एका ग्रीक प्रेक्षकाने धावत येऊन लिमाला सोडविले. लिमा पुन्हा धावू लागला, तिसरा आला आणि हसतमुखाने, दोन्ही हात पसरून त्याने शर्यत संपविली. आपल्यासारख्या मिंबरवर उभे राहणाऱ्यांनी या घटनेचा विशेष विचार करावा. धर्माच्या नावाने दुसऱ्याची वाट अडविणारा आणि धर्माचे नावही न घेता त्याची वाट मोकळी करणारा, या दोघांपैकी रस्त्याचा हक्क कोणी दिला, हे सांगायला पंडित लागत नाही.

परंतु मदतीलाही एक सीमा आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉनमध्ये सर्वांत आधी मैदानात शिरला. पण तो इतका गलितगात्र झाला होता की पुनःपुन्हा कोसळत होता. शर्यतीच्या अधिकाऱ्यांना ते पाहवले नाही. त्यांनी त्याला उचलून, आधार देऊन शेवटच्या रेषेपलीकडे नेले. परिणामी तो बाद ठरला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेज याला मिळाले. पाणी देता येते, वाट देता येते, धीर देता येतो. पाय मात्र ज्याचे त्यालाच टाकावे लागतात. कोणीही ओझे वाहणारा दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनचे तत्त्व (सूरह अनआम : १६४) आखिरतचे आहेच, पण त्याची झलक या जगातही दिसते. आईबाप मुलासाठी दुआ करतील, शाळेचे शुल्क भरतील, पहाटे उठवतील. त्याचा अभ्यास त्यालाच करावा लागेल.

येथे एक प्रश्न उरतो आणि तो सर्वांत हळवा आहे. आमच्या जमातीतील एका वयोवृद्ध गृहस्थांचा पाय मधुमेहामुळे काढावा लागला. आयुष्यभर त्यांनी बाजारात पोती उचलली. आता रस्त्यावरून मुले धावत जातात आणि ते ओट्यावर खुर्ची टाकून पाहतात. त्यांनी एकदा विचारले की माझ्या वाट्याला आता पाहणेच तेवढे उरले, याचा काही सवाब मिळतो का? त्यांचा प्रश्न शर्यतीपुरता नव्हता. मशिदीत जाणे, जनाजाला खांदा देणे, शेजाऱ्याच्या मदतीला धावणे, सगळेच त्यांच्या हातून निसटले होते.

या प्रश्नाचे उत्तर इस्लामच्या इतिहासात आधीच दिले गेले आहे. घरी बसणारे आणि अल्लाहच्या मार्गात झटणारे बरोबरीचे नाहीत, ही आयत (सूरह निसा : ९५) लिहून घेतली जात होती, तेव्हा अंध सहाबी हजरत इब्ने उम्मे मकतूम (रजि.) तेथे आले. आपल्याला शक्य असते तर आपणही निघालो असतो, असे त्यांनी व्यथित होऊन सांगितले. त्याच वेळी त्या आयतीत लाचारी असलेल्यांना वगळणारे शब्द अवतरले (बुखारी). एका अंध माणसाच्या वेदनेची दखल आकाशातून घेतली गेली. पुढे हिजरी सन ९ मध्ये तबूकच्या मोहिमेवरून परतताना प्रेषितांनी (स.) सोबत्यांना सांगितले की मदीनेत असे काही लोक आहेत, जे तुम्ही पार केलेल्या प्रत्येक दरीत आणि चाललेल्या प्रत्येक वाटेवर तुमच्यासोबत होते. लोकांनी आश्चर्याने विचारले की मदीनेत राहूनही? त्यांनी उत्तर दिले की हो, मदीनेत राहूनही, कारण त्यांना अडचणीने रोखले होते (बुखारी). ओट्यावरच्या त्या गृहस्थांना हेच सांगितले. मन धावत असेल, तर पाय नसणारा मागे राहत नाही. आता शर्यतीच्या दिवशी त्यांच्या खुर्चीशेजारी पाण्याचे पिंप आणि पेले असतात. पाणी पाजणे हा श्रेष्ठ दानाचा प्रकार आहे, हे हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांच्या हदीसवरून आपण जाणतोच.

मात्र तबूकच्या वेळी घरी राहिलेले सर्वच असे नव्हते. काही असे होते की जे धडधाकट होते, त्यांच्याकडे साधनेही होती, पण आज निघतो, उद्या निघतो करता करता लष्कर दूर गेले. हजरत कअब बिन मालिक (रजि.) यांनी ही आपली कहाणी स्वतः विस्ताराने सांगितली आहे. त्यांनी खोटा बहाणा केला नाही, पन्नास रात्रींचा बहिष्कार सोसला, आणि त्यांची तौबा स्वीकारली गेल्याची वार्ता कुरआनमध्ये आली (सूरह तौबा : ११८). तिसरा वर्ग मात्र टर उडविणाऱ्यांचा. सदका देण्याची आज्ञा झाली तेव्हा गरीब सहाबा पाठीवर ओझी वाहून मजुरी मिळवीत आणि त्यातून देत. कोणी भरपूर आणले तर हे लोक म्हणत की दिखावा आहे, आणि कोणी मूठभर धान्य आणले तर म्हणत की अल्लाहला याची काय गरज आहे. याच वृत्तीवर कुरआनने कठोर शब्दांत बोट ठेवले आहे (सूरह तौबा : ७९). रस्त्याकडेला उभ्या असलेल्या बघ्याचे याहून अचूक वर्णन क्वचितच सापडेल. पुढे असणारा त्याला मिरवणारा वाटतो आणि मागे असणारा हास्यास्पद. स्वतः तो एक पाऊलही टाकत नाही.

शर्यतीत शेवटून येणाऱ्याकडे आपण कसे पाहतो, यावर आपली परीक्षा होते. पहिले दहा जण गेले की टाळ्या थांबतात, लोक चहाला आत जातात. तासाभराने एखादा स्थूल गृहस्थ किंवा एखादी प्रौढ स्त्री जवळजवळ चालत येते, तेव्हा रस्त्यावर हसणारी चार पोरे तेवढी उरलेली असतात. कुरआनने ग्रंथाचे वारस म्हणून निवडलेल्या लोकांचे तीन प्रकार सांगितले आहेत. काही स्वतःवर अन्याय करणारे, काही मध्यम चालीचे आणि काही सत्कर्मांत आघाडीवर असणारे (सूरह फातिर : ३२). अनेक भाष्यकारांनी येथे लक्ष वेधले आहे की निवडलेल्यांत तिघांचीही गणना आहे. मागे पडलेला शर्यतीबाहेर गेलेला नसतो. आणि पुढे असलेल्याचे पुढे असणेही कायमचे नसते. प्रेषितांची (स.) अज्बा ही उंटीण कधी हरत नसे. एकदा एक खेडूत आपल्या जवान उंटावर आला आणि तिच्या पुढे गेला. मुसलमानांना ते फार लागले. प्रेषितांनी (स.) समजाविले की या जगात जे उंच चढते त्याला खाली आणणे हा अल्लाहचा हक्क आहे (बुखारी). आपल्या बाजूच्या हरण्याने खट्टू झालेल्या प्रेक्षकांना दिलेली ही शिकवण आहे. आपला गाव, आपली जात, आपली जमात जिंकली पाहिजे या हट्टाने पाहणाऱ्याचे डोळे साक्ष देण्याच्या कामाचे राहत नाहीत.

आणखी एक कारण आहे, ज्यामुळे रस्त्याने धावणाऱ्या कोणालाही हलके लेखू नये. आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका आहे. तेथील मांडवा गावच्या एका शेतकरी कुटुंबातील मुलगा शाळेसाठी रोज सहा किलोमीटर पायी जात असे, धावत असे. बारावीनंतर तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि २०१५ नंतर खऱ्या अर्थाने शर्यतींकडे वळला. तो अविनाश साबळे. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळविले आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. त्याच्या बालपणी त्या वाटेवर ज्यांची घरे होती, त्यांनी दप्तर घेऊन धावणारे एक पोर पाहिले असेल, एवढेच. आपण कोणाला पाहत आहोत हे पाहणाऱ्याला त्या क्षणी कळत नाही. ते अल्लाहला ठाऊक असते. म्हणूनच प्रत्येकाला सारखा आदर देणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

आता आपल्या समाजाविषयी. आपल्या मोहल्ल्यांतून शर्यती जातात, पण त्यांत आपली मुले किती असतात? आणि हा प्रश्न धावण्यापुरता नाही. गावाची ग्रामसभा भरते, शाळेची व्यवस्थापन समिती निवडली जाते, रक्तदानाचे शिबिर लागते, ग्रंथालयाला सभासद हवे असतात, उन्हाळ्यात पाणपोई उभारायची असते. हे सारे आपल्या दारावरून जाते आणि आपल्यापैकी पुष्कळजण ओट्यावर बसून त्यावर टीका करतात. बोलावले नाही म्हणून आपण गेलो नाही, अशी तक्रार असते. काही वेळा ती खरीही असते. दार बंद केले जाते हा अनुभव खोटा नाही, आणि त्याविरुद्ध सनदशीर मार्गाने बोललेच पाहिजे. पण सत्कर्मांत पुढे जाण्यासाठी कुरआनने निमंत्रणाची अट घातलेली नाही. सूरह माइदाची आयत तर निरनिराळ्या समुदायांचे वेगळेपण मान्य करूनच स्पर्धेची हाक देते. म्हणजे शेजारी दुसऱ्या धर्माचा आहे, हे मागे राहण्याचे कारण नसून एकाच रस्त्यावर भलाईने धावण्याचे प्रयोजन आहे. आषाढी वारीच्या दिवसांत दिंड्या आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरकडे जातात, तेव्हा वाटेवरच्या मुसलमान घरांतूनही वारकऱ्यांना पाणी दिले जाते. श्रद्धा आपापली राहते आणि तहानलेल्याचा हक्कही दिला जातो. रस्त्याचा हक्क आपल्याला अगदीच अपरिचित नाही. त्याला अंगणापुरता न ठेवता मोठा करायचा आहे.

मात्र पुढे जाणे म्हणजे उतावीळ होणे नव्हे. नमाजची इकामत ऐकल्यावर धावत येऊ नका, शांतपणे चालत या, मिळेल ती अदा करा आणि सुटेल ती पूर्ण करा, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे (बुखारी, मुस्लिम). धर्म सुलभ आहे, सकाळी, संध्याकाळी आणि थोडे रात्री चाला, मध्यम चाल धरा म्हणजे पोहोचाल, असेही त्यांनी सांगितले आहे (बुखारी). लांब पल्ल्याचा धावपटू हेच करतो. आरंभीच सारी शक्ती उधळणारा वाटेतच बसतो. रमजानच्या पहिल्या आठवड्यात मशीद भरून वाहते आणि शव्वालमध्ये ओस पडते, तेव्हा आपल्याला हा धडा पुन्हा शिकावा लागतो.

तेव्हा वाचकांना विनंती आहे की पुढच्या वेळी दारावरून शर्यत जाईल, तेव्हा तीन गोष्टी ठरवून कराव्यात. रस्ता स्वच्छ आणि मोकळा ठेवावा. शेवटचा धावपटू जाईपर्यंत पाणी आणि चांगला शब्द तयार ठेवावा. आणि घरातील ज्या मुलाच्या पायांत बळ आहे, त्याला पुढच्या वर्षी कडेला उभे न राहता धावण्यासाठी तयार करावे. ज्याला अडचण आहे त्याने मनाने सोबत राहावे, ज्याला नाही त्याने उद्यावर ढकलू नये, आणि टर उडविणाऱ्यांत तर कोणीच नसावे. डोळ्यांचा हिशेब ज्या दिवशी मागितला जाईल, त्या दिवशी आपण काय काय पाहिले याची यादी पुरेशी ठरणार नाही. पाहून काय केले, हे विचारले जाईल. अल्लाह आपल्याला सत्कर्मांत पुढे जाणाऱ्यांत आणि सत्याची साक्ष देणाऱ्यांत सामील करो. आमीन.